बार्सिलोना पाहायची तर एप्रिलमध्ये

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी सहलींवर जो लेख आला, त्यात बार्सिलोनाचा निकाल दोन वाक्यांत लावला होता. गर्दी फार, उकाडा फार, स्थानिक लोक पर्यटकांना कंटाळलेले, तेव्हा त्यापेक्षा दुसरं एखादं शहर बघा, असा एकंदर सूर होता. लेखकांनी जुलैत जे शहर पाहिलं ते तसंच असणार, त्याबद्दल मला शंका नाही. पण मी तेच शहर एप्रिलमध्ये पाहिलं आहे, तेही कामाच्या निमित्तानं. तो लेख वाचून कोणी बार्सिलोनावर कायमची फुली मारू नये, असं फार वाटलं, म्हणून लिहिते आहे.

मी सागरी उत्पादनांच्या निर्यातीत गुणवत्ता नियंत्रणाचं काम बावीस वर्षं करते आहे. कोळंबीचा काउंट म्हणजे ठरावीक वजनात किती नग, ग्लेझिंगची म्हणजे मालावरच्या बर्फाच्या थराची टक्केवारी, खोक्यावरचं लेबल हे माझं रोजचं जग. आमच्या क्षेत्रातलं मोठं प्रदर्शन, सीफूड एक्स्पो ग्लोबल, आधी ब्रुसेल्सला भरायचं. २०२२पासून ते बार्सिलोनाला आलं. एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला तीन दिवस. २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं मी जाऊन आले, आणि कोणी विचारलं की शहर कसं आहे, तर मला सांगता येत नसे. विमानतळ, हॉटेल, प्रदर्शनाचे हॉल आणि पुन्हा विमानतळ. तिसऱ्या दिवशी स्टॉल आवरला की त्याच रात्री परतीचं विमान. कामाला जाणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांचं असंच होतं.

२०२४ साली योग जुळून आला. शुक्रवारपेक्षा रविवारचं तिकीट बरंच स्वस्त होतं, म्हणून ऑफिसनंच मला दोन दिवस जास्त राहू दिलं. आणि प्रदर्शनाचा पहिला दिवस नेमका २३ एप्रिलला आला.

प्रदर्शनाला जायला प्लासा एस्पान्या या चौकातून लोकल गाडी मिळते. त्या मंगळवारी सकाळी मी नमुन्यांची थंड पेटी पायांत धरून डब्यात उभी होते. समोरच्या बाईच्या हातात लॅपटॉपची बॅग आणि एक लाल गुलाब. पलीकडच्या मुलाच्या हातात गुलाब. बांधकामाचे बूट घातलेल्या एका माणसाच्या हातात दोन. प्रत्येक फुलाबरोबर गव्हाची एक ओंबी बांधलेली, आणि देठाला लाल-पिवळ्या पट्ट्यांची फीत. मला वाटलं कुठे लग्नबिग्न असेल. स्टॉलवर दुभाषी म्हणून आलेल्या स्थानिक मुलीनंही एक गुलाब आणला होता. तो तिनं आमच्या बिलबुकाशेजारी पाण्याच्या ग्लासात ठेवला आणि मग मला सगळं सांगितलं.

२३ एप्रिल म्हणजे सांत जोर्दीचा दिवस. सांत जोर्दी हे कातालुन्याचे, म्हणजे बार्सिलोना ज्याची राजधानी आहे त्या स्पेनमधल्या प्रदेशाचे, रक्षक संत. त्यांनी राजकन्येला वाचवायला ड्रॅगन मारला आणि त्याच्या रक्तातून गुलाब उगवला, अशी कथा. म्हणून गुलाब द्यायचा. पुस्तक मागाहून आलं. १९२६ साली व्हिसेंत क्लावेल या प्रकाशकाच्या पुढाकारानं पुस्तकांचा दिवस सुरू झाला, तेव्हा तो ऑक्टोबरमध्ये होता. १९३०मध्ये तो २३ एप्रिलला आणला आणि गुलाब नि पुस्तक एकत्र आले. १९९५मध्ये युनेस्कोनं जागतिक पुस्तक दिनासाठी हीच तारीख निवडली. पुस्तक दिन आपण सगळेच ऐकून असतो. पण ज्या शहराकडून तो जगाला मिळाला त्या शहराच्या रस्त्यावर त्या दिवशी उभं राहणं वेगळंच.

मला सगळ्यात भावलं ते हे, की त्या दिवशी सुट्टी नसते. ऑफिसं, बँका, शाळा सगळं चालू असतं. लोक कामावर येतात, दुपारी जेवणाच्या सुट्टीत उठून पुस्तकांच्या टेबलांपाशी जातात, दोन पुस्तकं काखोटीला मारून परत कामाला लागतात. आमच्या शेजारच्या स्टॉलवरचा हेक माशाचा व्यापारी दुपारी तासभर गायब होता. आला तो बायकोसाठी आणि मुलीसाठी पुस्तकं घेऊन. दिवसभर भावासाठी घासाघीस करणारा माणूस, पण पुस्तकं दाखवताना त्याचा चेहरा अगदी मऊ झाला होता.

सहाच्या सुमारास आम्ही स्टॉल आवरला. आता कामासाठी वसंतात जाण्यातला खरा फायदा सांगते, कारण तो कुठल्याच माहितीपत्रकात दिसत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं तासभर पुढे करतात. त्यामुळे एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात बार्सिलोनाला सूर्य मावळतो साडेआठनंतर. फेब्रुवारीअखेर तिथं साडेसहालाच मावळतो. मोबाइल क्षेत्रातले लोक साधारण त्या दिवसांत त्यांच्या प्रदर्शनाला जातात, त्यांना हॉलबाहेर पडल्यावर अंधारच भेटतो. एप्रिलमध्ये दिवसभर काम करूनही तुमच्या हातात अडीच तासांचा लख्ख उजेड उरतो. हवा अशी की दुपारी अठरा-एकोणीस अंश, संध्याकाळी पातळ स्वेटर पुरे. कितीही चाला, घाम नाही.

त्या उजेडात मी पसेच दे ग्रासिया या मोठ्या रस्त्यावर उतरले. रस्ता गाड्यांना बंद होता आणि जिथवर नजर जाईल तिथवर टेबलं, पुस्तकं, बादल्यांत गुलाब. लेखक बसून सह्या देत होते, त्यांच्यासमोर रांगा. वास्तुशिल्पी गाउदीनं १९०४ ते १९०६मध्ये नवं रूप दिलेलं कासा बात्यो हे घर तिथंच आहे. त्याचं छप्पर ड्रॅगनच्या खवल्यांच्या पाठीसारखं, आणि त्या दिवशी सगळ्या सज्जांवर लाल गुलाब लावलेले. लोक मान वर करून बघत होते. त्यात पर्यटक होतेच, पण आजोबांचा हात धरलेली नातवंडं, कॉलेजची पोरं, ऑफिसातून सरळ आलेली माणसं त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त होती. गर्दी होती, मी नाकारत नाही. पण ती गर्दी त्या शहराची स्वतःची होती आणि मला त्यात सहज सामावून घेतलं गेलं. एका म्हातारबाबांनी मी वाचत असलेलं पुस्तक उलटं धरलं नाही ना, हे बघावं तसं वाकून पाहिलं आणि मग ते त्यातलं एक चित्र मला समजावून सांगू लागले.

ते पुस्तक मुलांचं होतं, माशांचं, कातालान भाषेतलं. मला त्या भाषेतला एकही शब्द येत नव्हता. तरी मी ते वाचू शकत होते, कारण प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरात शास्त्रीय नाव होतं. युरोपात विकायच्या मासळीच्या लेबलवर शास्त्रीय नाव घालणं बंधनकारक आहे. बावीस वर्षं मी ती नावं तपासते आहे, एखादं अक्षर चुकलं तरी अख्खा माल अडतो. मर्लुशियस मर्लुशियस म्हणजे हेक, आणि वर लिहिलेला शब्द 'ल्यूस'. म्हणजे त्यांच्या भाषेत हेकला ल्यूस म्हणतात! ऑक्टोपस व्हल्गारिसच्या वर 'पोप'. लोफियस पिस्कॅटोरियस, तो मोठ्या तोंडाचा मंकफिश, त्याला 'राप'. मी एकेक शब्द बोटानं दाखवत म्हणत होते आणि ते आजोबा माझा उच्चार सुधारत होते. कामाच्या कागदांत कोरडी पडलेली ती लॅटिन नावं त्या संध्याकाळी एकदम ओली झाली. पुस्तक अर्थातच विकत घेतलं. या भाषेवर स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत सार्वजनिक वापराची बंदी होती, हे मला दुसऱ्या दिवशी दुभाषी मुलीनं सांगितलं. तिची आजी शाळेत आपल्या भाषेत लिहायला शिकलीच नाही. त्यानंतर ती टेबलं मला आणखी वेगळी दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाचं सग्रादा फामिलिया या चर्चचं तिकीट मी आधीच ऑनलाइन काढून ठेवलं होतं. वेळ ठरवूनच तिकीट मिळतं, तिथं जाऊन ऐन वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. १८८२मध्ये काम सुरू झालं, पुढच्या वर्षी गाउदीनं ते हाती घेतलं, १९२६मध्ये ट्रामच्या धक्क्यानं तो गेला आणि काम त्याच्यामागे शंभर वर्षं चालत राहिलं, हे सगळं पुरवणीत अनेकदा छापून आलं आहे. मला सांगायचं आहे ते वेळेबद्दल. पूर्वेकडच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत, पश्चिमेकडच्या तांबड्या-नारिंगी. सकाळी गेलात तर आत पाण्याखाली असल्यासारखं वाटतं. एप्रिलमध्ये संध्याकाळी ऊन तिरकं होऊन पश्चिमेच्या काचांतून थेट आत येतं आणि झाडांसारखे वर फांद्या फुटलेले ते दगडी खांब पेटल्यासारखे दिसतात. माझ्या हातातलं पांढरं तिकीट केशरी दिसत होतं. बाकावर बसलेला एक सुरक्षारक्षकसुद्धा वर बघत होता. पावणेआठपर्यंत मी तिथून हलले नाही.

शुक्रवार-शनिवार पूर्ण माझे होते. त्यांची यादी देत नाही. सांता कातेरीना बाजारात गेले ते मात्र सांगते, कारण माझा जीव तिथंच रमणार. छपराच्या रंगीत फरशांच्या लाटा तर बघण्यासारख्या आहेतच, पण मी मासळीच्या गाळ्यांपुढे उभी राहून लेबलं वाचत होते. प्रत्येक राशीवर पाटी, पाटीवर नाव, पकडलेली की पाळलेली, आणि कुठल्या समुद्रातली. समुद्राच्या प्रत्येक भागाला क्रमांक असतो, ३७ आकडा दिसला की समजायचं भूमध्य समुद्र. लाल कोळंबी, अरिस्टिअस अँटेनाटस, बर्फावर मांडलेली, मिशा अखंड, डोळे काळेभोर. ताजेपणा तपासणाऱ्या माणसाला त्या डोळ्यांत सगळं दिसतं. शेजारच्या गाळ्यावर वसंतातला ओला मटार आणि आर्टिचोकचे ढीग. शाकाहारी वाचकांसाठी सांगते, पावावर पिकलेला टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह तेल आणि मीठ, हा तिथला रोजचा पदार्थ. भाजलेलं वांगं आणि ढोबळी मिरची सालं काढून तेलात घातलेली, त्याला एस्कालिवादा म्हणतात. उपाशी राहायची वेळ येत नाही. फक्त जेवणाची वेळ दुपारी दोन आणि रात्री नऊ, ती मात्र पाळावी लागते.

झाडांबद्दल थोडं. मोठ्या रस्त्यांच्या दुतर्फा प्लेनची झाडं आहेत, चिनारच्या जातकुळीतली. एप्रिलमध्ये त्यांना कोवळी पालवी असते आणि उन्हाची जाळी फुटपाथवर पडते. काही बागांत आपल्या कांचनच्या कुळातलं एक झाड जांभळट गुलाबी फुलांनी भरतं, फुलं फांद्यांवरच नव्हे तर थेट खोडावरही येतात. तिथले लोक त्याला प्रेमाचं झाड म्हणतात. आणि संध्याकाळी पाकोळी पक्षी घरांच्या माथ्यावरून किंचाळत झेपावतात. आफ्रिकेतून ते एप्रिलच्या सुमारास परत येतात, दुभाषी मुलगी म्हणाली की त्यांचा आवाज आला की तिची आई लोकरीचे कपडे आत ठेवते. पण याच प्लेनच्या झाडांचे परागकण आणि बारीक लव त्या दिवसांत हवेत उडते. माझे डोळे दोन दिवस चुरचुरत होते. दमा किंवा परागकणांची ॲलर्जी असलेल्यांनी आपली औषधं नक्की बरोबर न्यावीत.

२०२४चा तो वसंत त्या शहरासाठी कठीण होता, हेही लिहायला हवं. तीन वर्षं पाऊस रुसला होता. फेब्रुवारीत सरकारनं पाण्याची आणीबाणी जाहीर केली होती, माणशी दिवसाला २०० लिटरची मर्यादा. चौकातली कारंजी कोरडी होती. माझ्या हॉटेलच्या न्हाणीघरात पाणी जपून वापरा, अशी पाटी होती. एका सकाळी भुरभुर पाऊस आला तर स्वागतकक्षातले काका दार उघडून बाहेर उभे राहिले आणि मला म्हणाले, आमच्याकडे म्हण आहे, एप्रिलचा एकेक थेंब हजारांच्या मोलाचा. त्यांनी भिजलेला हात मला दाखवला. २०२५मध्ये मेच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा गेले, तोवर मार्चमध्ये भरपूर पाऊस होऊन धरणं भरली होती आणि कारंजी सुरू झाली होती. त्याच काकांनी मला ओळखलं आणि आधी पाण्याची बातमी दिली, मग खोलीची किल्ली.

स्थानिकांच्या रागाबद्दल लेखात जे आलं ते खोटं नाही. २०२४च्या जुलैत निदर्शकांनी पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. पण त्यामागचं कारण समजून घ्यायला हवं. घरं पर्यटकांना भाड्यानं जातात आणि राहणाऱ्यांना भाडं परवडेनासं होतं. महापौरांनी जून २०२४मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ सदनिकांचे परवाने २०२८नंतर वाढवून देणार नाहीत. पार्क ग्वेल या बागेच्या चढावरची ११६ क्रमांकाची छोटी बस पर्यटकांनी इतकी भरायची की तिथल्या वयस्कर लोकांना चढता येईना. शेवटी ती बस गूगलच्या नकाशावरून काढून टाकायला लावली. हे ऐकल्यावर मी पार्कला चालत गेले. चढ आहे, पण एप्रिलच्या हवेत त्रास झाला नाही. तीच वाट ऑगस्टच्या दुपारी मला जमली नसती. ऑगस्टमध्ये तर शहरातले कितीतरी लोक दुकानं बंद करून स्वतःच सुट्टीवर जातात. जे लोक भेटावेत म्हणून जायचं तेच तिथं नसतात. मग उरते ती फक्त आपल्यासारख्यांची गर्दी. म्हणून जाणाऱ्यांनी हॉटेलात राहावं, बाजारात माल न चिवडता विकत घ्यावा, आणि दुकानात शिरताना 'बोन दिया', म्हणजे शुभ दिवस, म्हणावं. या दोन शब्दांनी मला फार साथ दिली. मेट्रोत बॅग पुढे धरा, आमच्या एका सहकाऱ्याचं पाकीट गेलं.

कामासाठी जाणाऱ्यांना एक व्यवहाराची गोष्ट. दोन दिवस जास्त राहायचं असेल तर ते व्हिसाच्या अर्जातच दाखवा. कंपनीच्या पत्रात, हॉटेलच्या आरक्षणात आणि प्रवास विम्यात तारखा एकच हव्यात. शेंगेन व्हिसासाठी (स्पेनला जायला हाच लागतो) विमा किमान ३०,००० युरोचा लागतो आणि तो जास्तीच्या दिवसांनाही लागू असायला हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एप्रिलला जायचं तर जानेवारीत कागद गोळा करायला घ्या.

आणि म्हणूनच आपल्याला एक विनंती आहे. सहलींवरची पुरवणी आपण दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस काढता. ती हातात पडेपर्यंत वसंताची वेळ निघून गेलेली असते. मग वाचक जुलै-ऑगस्टचीच तिकिटं काढतात आणि त्यांना ते उकाड्याचं, वैतागलेलं शहर भेटतं. येत्या वर्षी तीच पुरवणी जानेवारीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारी काढता आली तर पाहावं. त्यात व्हिसाच्या तारखांचा एक चौकोन आणि २३ एप्रिलबद्दल चार ओळी असाव्यात. माशांच्या त्या पुस्तकाचं एखादं पान छायाचित्रासाठी हवं असेल तर मी आनंदानं पाठवीन.

आपली,
एक नियमित वाचक
(गुणवत्ता नियंत्रण, सागरी उत्पादन निर्यात)